पाय आपला, फर्मा परका

परभणीत बसून बूट मागवणे आता अवघड राहिलेले नाही. मोबाइलवर नंबर निवडायचा, ४३१४०१ हा पिनकोड टाकायचा, काही दिवसांत खोके दारात येते. अवघड आहे ते त्या खोक्यातला बूट पायाला नीट बसणे. सदऱ्यात बोटभर फरक निघाला तर शिंपी आत घेतो, बाहेर सोडतो. बुटात अर्ध्या सेंटीमीटरची चूक दिवसभर टोचते आणि ती दुरुस्त करायची सोय नसते. म्हणून कोणते ॲप बरे आणि सवलत कुठे जास्त, हे बाजूला ठेवून या आढाव्याची सुरुवात मापापासून करतो. आपण ज्याला पायाचा नंबर म्हणतो तो पायाचा नसतोच. जोवर आपल्याला आपला पाय सेंटीमीटरमध्ये माहीत नाही आणि विकणारा बुटाची रुंदी सांगत नाही, तोवर ही खरेदी अंदाजानेच चालणार, आणि त्या अंदाजाचा भुर्दंड मोठ्या शहरातल्या माणसापेक्षा पालम-सोनपेठच्या माणसाला जास्त बसणार.

आपल्याकडे चालतो तो ब्रिटिश नंबर, इंग्रजी अमलात आलेला. त्याचे मूळ एकक जवाचा दाणा आहे. तीन दाणे म्हणजे एक इंच, आणि एका दाण्याचा एक नंबर, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. (कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आठ यवांचे एक अंगुल धरले आहे, दाण्याने मोजण्याची युक्ती दोन्हीकडे सुचलेली दिसते.) मुलांचा शून्य नंबर चार इंचांवर सुरू होतो, तेरापर्यंत चढतो आणि मग मोठ्यांचा एक नंबर लागतो. असा हिशेब करत गेले तर मोठ्यांचा आठ नंबर बरोबर अकरा इंचांवर येतो, म्हणजे २७.९ सेंटीमीटर. युरोपचा नंबर दोन-तृतीयांश सेंटीमीटरच्या पायऱ्यांनी चढतो, त्यामुळे ४२ नंबर म्हणजे २८ सेंटीमीटर. दोन्ही आकडे जुळतात आणि खोक्यावर ८ व ४२ शेजारी-शेजारी छापले जातात. पण हे २८ सेंटीमीटर पायाचे नव्हेत. ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या फर्म्यावर बूट चढवून घडवतात, त्या फर्म्याची ही लांबी. पाय त्याहून लहान हवा, किती लहान ते प्रत्येक कंपनी आपल्या समजुतीने ठरवते.

परिणाम असा होतो की एकच नंबर दोन ठिकाणी दोन मापांचा निघतो. आदिदासच्या पुरुषांच्या आठ नंबरच्या बुटाची जीभ उलटून पाहिली तर तिथल्या चिठ्ठीवर जपानी माप २६५ मिलिमीटर लिहिलेले असते. नाइकेच्या आठ नंबरवर २७ सेंटीमीटर असते. म्हणजे अर्ध्या सेंटीमीटरचा फरक, जो ब्रिटिश मोजणीत अर्ध्या नंबरहून जास्त भरतो. अमेरिकन नंबर त्यात आणखी गोंधळ घालतो. पुरुषांत तो ब्रिटिश नंबरापेक्षा कधी अर्ध्याने, कधी एकाने पुढे असतो आणि बायकांसाठी त्याची मोजणी वेगळीच आहे. यादीत नुसते ‘९’ लिहिले असेल तर ते यूके की यूएस, हे पाहिल्याशिवाय बोट लावू नये. यातली सगळ्यांत कामाची गोष्ट चिठ्ठीवरचा सेंटीमीटर किंवा जपानी आकडा आहे. तो निदान पायाच्या लांबीच्या भाषेत बोलतो. घरात एखादा जुना, छान बसलेला बूट असेल तर त्याच्या जिभेवरची चिठ्ठी आधी वाचावी.

हे झाले लांबीचे. आपल्या भागात खरी अडचण रुंदीची आहे.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजले. त्यासाठी पायाची त्रिमितीय प्रतिमा घेणारी यंत्रे वापरली. निघालेली गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या अनुभवाची आहे: युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतीय पाय रुंद असतो. रुंदीला जागा मिळावी म्हणून माणसे लांबीने मोठा बूट घेतात, मग तो टाचेला निसटतो, मग नाड्या करकचून आवळतात. बायका मोठ्या नंबरचे उंच टाचेचे सँडल घेतात आणि पाय मुरगळून घेतात. या पाहणीवरून संस्थेने ‘भा’ नावाची भारतीय मोजणी सुचवली. बाळांपासून मोठ्यांपर्यंत वय आणि लिंगानुसार तिचे आठ गट आहेत, अर्ध्या नंबरांची गरज तीत राहणार नाही आणि सुमारे ८५ टक्के लोकांचे पाय तीत सामावतील, असा संस्थेचा दावा आहे. उत्तर-दक्षिण अशा वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळ्या मोजण्या लागतील अशी आधी कल्पना होती. प्रत्यक्षात एकच पुरेल असे दिसले. ही मोजणी २०२५ पासून आणण्याचा विचार तेव्हा मांडला गेला होता. खरेदीच्या पडद्यावर मात्र अजून यूके, यूएस आणि ईयू हीच त्रयी दिसते.

पाय रुंद का, याला एक साधे कारण आहे. लहानपण अनवाणी किंवा चपलेत गेले की बोटांना पसरायला मोकळीक मिळते. परभणीचा बहुतेक जिल्हा शेतीचा. काळ्या रानात, अंगणात, शाळेच्या आवारात पाय उघडेच वाढतात. यात कमीपणा काही नाही. कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी १९९२ मध्ये ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के होते, अनवाणी वाढलेल्यांत २.८. त्यातही पुढून बंद बूट वापरणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. म्हणजे आपले पसरट पाऊल हा निरोगी पायाचाच आकार आहे, बिघाड नव्हे. ‘माझा पाय वेडावाकडा आहे, मला बूट बसत नाहीत’ असे सांगणारे खूप भेटतात. त्यांना मनापासून सांगावेसे वाटते की पाय ठीक आहे, फर्मा दुसऱ्याच कुणाच्या पायाचा आहे.

आणि ही तक्रार एकट्या परभणीची नाही. बुल्ट आणि मेन्झ या दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये जगभरचे अठरा अभ्यास एकत्र वाचले, तेव्हा ६३ ते ७२ टक्के लोकांच्या पायातला जोडा लांबीला किंवा रुंदीला चुकीचा आढळला. दुकानात जाऊन घालून पाहणाऱ्या देशांतही ही गत आहे. घट्ट जोड्याचे दुखणे हळूहळू वाढते: आधी फोड, मग घट्टा, मग कुरूप, मग बोटे एकमेकांवर चढतात, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येते. इतक्या सावकाश येणाऱ्या दुखण्याचे खापर आपण वयावर फोडतो.

स्टेशन रोडच्या किंवा गांधी पार्कजवळच्या एखाद्या जुन्या दुकानात गेले की दुकानदार आपल्या पायाकडे पाहूनच नंबर सांगतो. दोन नंबर काढून आणतो, पुढून अंगठ्याने दाबून पाहतो, ‘या कंपनीचा एक वाढीव घ्या’ म्हणतो. कोणत्या कंपनीचा फर्मा अरुंद, कोणाचा सैल, हे त्याला रोजच्या गिऱ्हाइकांमुळे पाठ असते. ऑनलाइन खरेदीत हे ज्ञानच गळून पडले आहे. ते काम आता गिऱ्हाइकाने करायचे, तेही बूट न पाहता. पण दुकानाचीही मर्यादा आहे. खपणारे नंबरच तो ठेवतो. बारा नंबरचा पुरुष किंवा तीन नंबरची बाई हात हलवत परत येते, नाहीतर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरची गाडी धरते. रुंद फर्म्याचे जोड तर तालुक्याच्या दुकानात शोधून सापडत नाहीत. न्यू बॅलन्स, स्केचर्स, ॲसिक्स यांसारख्या कंपन्या रुंद आवृत्त्या काढतात, त्या मिळतात फोनवरच.

माझा कौल म्हणून असा: ज्याचा नंबर सर्रास मिळतो आणि पाय फार रुंद नाही, त्याने रोजचा जोड गावातच घालून पाहून घ्यावा. ज्याचे माप वेगळे आहे, किंवा ज्याला आधी वापरलेलेच मॉडेल पुन्हा हवे आहे, त्याला ऑनलाइन खरेदी खरोखर उपकारक आहे. दुकानात तासभर बूट काढायला लावून, नंबर समजून घेऊन, मग बाहेर येऊन फोनवर शंभर रुपये स्वस्त मागवणे मला पटत नाही. त्या माणसाच्या अनुभवाची किंमत आपण बुडवतो, आणि असे करत राहिलो तर उद्या बूट घालून पाहायला दुकान उरणार नाही.

आता माप. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या सिरॅक्यूज गावच्या चार्ल्स ब्रॅनॉकने पाय मोजायचे एक धातूचे साधन बनवले, तिकडच्या दुकानांत ते अजून वापरतात. त्यात तीन मापे निघतात: टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत, टाचेपासून चवड्यापर्यंत, आणि चवड्याची रुंदी. मधले माप आपण सहसा विसरतो. बूट जिथे वाकतो तिथेच पाय वाकायला हवा. बोटे आखूड आणि पाऊल लांब असेल तर एकूण लांबी बरोबर येऊनही बूट चुकीच्या जागी मोडतो आणि चवडा दुखतो.

घरी हे करायला कागद, शिसपेन्सिल आणि पट्टी पुरते. वेळ संध्याकाळची घ्यावी. दिवसभर उभे राहून, चालून पाय फुगतो. वैशाखात पारा ४४-४५ वर गेलेला असतो तेव्हा जास्तच. सकाळी मोजून मागवलेला बूट संध्याकाळी चावतो तो यामुळेच. कागद फरशीवर भिंतीला टेकवून ठेवावा, टाच भिंतीला लावावी आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे. बसून घेतलेले माप कमी भरते. स्वतः वाकले की भार हलतो, म्हणून खुणा दुसऱ्याने कराव्यात. पेन्सिल उभी धरावी, तिरकी धरली की ती तळव्याखाली सरकते. सर्वांत लांब बोटाशी खूण करावी. ते बोट अंगठाच असेल असे नाही, पुष्कळांचे शेजारचे बोट पुढे असते. मग चवड्याच्या दोन्ही बाजूंच्या सर्वांत बाहेरच्या जागी खुणा कराव्यात. शिवणकामाची टेप असेल तर चवड्याचा घेरही घ्यावा, कारण दोन पाय सारखे रुंद असूनही एक जाड, एक चपटा असू शकतो. दोन्ही पाय मोजावेत. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो आणि खरेदी त्या मोठ्या पायासाठी करायची असते. हे आकडे तारखेसह मोबाइलमध्ये लिहून ठेवावेत. चाळिशीनंतर, वजन वाढल्यावर, बाळंतपणानंतर पाय बदलतो. वीस वर्षांपूर्वीचा ‘माझा सात नंबर’ धरून बसणारे पुष्कळ जण आज चुकीच्या बुटात आहेत.

बंद बुटाची आतली लांबी पायापेक्षा साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर जास्त हवी. समजा पाय २६ सेंटीमीटर भरला, तर आतून २७ च्या थोडा पुढचा बूट पाहावा. विक्रेत्याने आतली लांबी दिली नसेल तर प्रश्नोत्तराच्या जागी विचारावी. उत्तर आले नाही तर तो जोड सोडून द्यावा. घरातल्या चांगल्या बसणाऱ्या बुटाचा सुखतळा काढून मोजला तर आपल्याला हवी ती लांबी लगेच कळते. त्याच सुखतळ्यावर अनवाणी उभे राहून पाहावे. चवडा काठाबाहेर ओसंडत असेल तर आपल्याला मोठा नंबर नको, रुंद फर्मा हवा आहे. अमेरिकन पद्धतीत पुरुषांची नेहमीची रुंदी ‘डी’, रुंद ‘२ई’, अतिरुंद ‘४ई’. बायकांची नेहमीची ‘बी’ आणि रुंद ‘डी’. नावापुढे यातले एक अक्षर असेल तर विक्रेता रुंदीबद्दल काहीतरी ठरवून बोलतो आहे असे समजावे. नुसते ‘कम्फर्ट फिट’ लिहिण्याला काही अर्थ नाही.

कोणत्या मालाचा बूट आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. विणलेल्या, जाळीदार कापडाचा बूट रुंदीला थोडे सांभाळून घेतो. खरे कातडे काही आठवड्यांत आडवे सैलावते, उभे मात्र वाढत नाही. रेक्झीन तसूभरही हटत नाही. ‘वापरल्यावर सैल होईल’ हे वाक्य कातड्यापुरते खरे आहे, सिंथेटिक बुटाला लावू नये. कोल्हापुरी चपलेला तर ते पुरेपूर लागू आहे. झाडांच्या सालींनी कमावलेल्या कातड्याची ती नवी असताना अंगठ्यात आणि पट्ट्यात घट्टच हवी, कारण ती पायावर मुरते. पहिल्या दिवशी सैल वाटलेली कोल्हापुरी महिन्याभरात फटक फटक वाजू लागते. या चपलेला महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून भौगोलिक मानांकन आहे. ऑनलाइन ‘कोल्हापुरी’ म्हणून दिसणाऱ्या बऱ्याच चपला मात्र सिंथेटिकच्या असतात, त्यांना मुरण्याचा हा नियम लागू नाही. माहितीत कातड्याचा प्रकार स्पष्ट लिहिला आहे का, हे आधी वाचावे.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाची धार सर्वांत जास्त जाणवते ती पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींना. पहाटे मैदानावर, रस्त्याच्या कडेला, कृषी विद्यापीठाच्या परिसरात ही मुले धावताना दिसतात. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी परीक्षेच्या पन्नास गुणांवर पुढचे आयुष्य टांगलेले. याच जिल्ह्याच्या ज्योती गवते यांनी २०१७ मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला होता, त्यामुळे धावण्याचे वेड इथे नवे नाही. पण बूट येतात ते ‘फर्स्ट कॉपी’. नामांकित कंपनीचे चिन्ह, आठशे-हजाराला, ऑनलाइन. अशा बुटाची जिभेवरची चिठ्ठीसुद्धा नक्कल केलेली असते. फर्मा वेगळाच, आणि वर छापलेला नंबर, सेंटीमीटर सगळेच बिनभरवशाचे. धावताना पाय प्रत्येक पावलाला पुढे सरकतो. पुढे बोटभर जागा नसेल तर नखे काळी पडतात, टाच सैल असेल तर फोड येतो, आणि भरतीच्या तोंडावर आठवडा वाया जातो. त्यापेक्षा साध्या भारतीय कंपनीचा, आपल्या मापाचा खरा बूट शतपटीने बरा. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावरचा जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्यामुळे या किमतीत निवडीला वाव वाढला. आणि नवा बूट परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कधीही घालू नये. निदान दोन-तीन आठवडे त्यात धावलेले असावे.

शेतातल्या गमबुटाबद्दल कुणी फारसे लिहीत नाही. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवते. बूट सैल असला की तो चिखलात राहतो आणि पाय मोकळा वर येतो. सापाच्या दंशापासून घोट्यापर्यंतचे संरक्षण हवे असेल तर गमबुटासारखे स्वस्त साधन नाही, पण न बसणारा गमबूट दुसऱ्या दिवशी बांधावरच काढून ठेवला जातो. गमबूट बहुधा पूर्ण नंबरांतच येतात, नाडी नसते, आवळायची सोय नसते. म्हणून जाड पायमोजा घालून माप घ्यावे आणि पोटरीचा घेरही पाहावा. कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या बायकांसाठी चार-पाच नंबरचे गमबूट जवळच्या दुकानात मिळतीलच असे नाही. तिथे ऑनलाइन खरेदीचा खरा उपयोग आहे, आणि बचत गटाने सगळ्यांची मापे एकत्र घेऊन मागवले तर अदलाबदलही आपसांत होते.

मधुमेह असलेल्यांनी मात्र वेगळा रस्ता धरावा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या पुष्कळांच्या तळव्यांची जाणीव हळूहळू कमी होते. ज्याला टोचलेले कळत नाही त्याला बूट बसला की नाही हेही कळत नाही. घरी घालून पाहणे, चालून पाहणे या चाचण्या त्याच्यासाठी निकामी आहेत. अशा माणसाने बंद बूट फोनवरून मागवू नये. डॉक्टरांना पाय दाखवून, मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, ज्याला एमसीआर म्हणतात, त्या तळव्याची चप्पल-सँडल मापाने करून घ्यावी, आणि रोज रात्री पाय डोळ्यांनी तपासावा. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वेल्लोरच्या बाजूला डॉ. पॉल ब्रँड यांच्या काळात विकसित झालेली ही चप्पल आज मधुमेहींचा आधार झाली आहे. इथे शंभर-दोनशे रुपये वाचवण्याचा प्रश्नच येत नाही. एका न दिसलेल्या फोडातून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

जोड आला की तो परत जाऊ शकतो का, हा पुढचा मुद्दा, आणि खेड्यासाठी हाच कळीचा. शहरात मुलगा दारात येऊन परत नेतो. गावात तो ‘फाट्यावर या’ म्हणून फोन करतो, आणि परतीच्या वेळी ‘तुमच्या पिनकोडवर ही सेवा उपलब्ध नाही’ असे उत्तर पडद्यावर येते. म्हणून पैसे देण्याआधी त्या वस्तूच्या पानावर आपला पिनकोड टाकून ती परत घेतली जाते की फक्त बदलून मिळते, आणि किती दिवसांत, हे पाहावे. मोठ्या सवलतीत लावलेल्या मालाला बहुतेकदा परतीची सोय नसते. तो माल जुनाही असू शकतो. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणे बंधनकारक आहे, ते वाचावे. पॉलियुरेथेनचा तळ न वापरता नुसता पडून राहिला तरी काही वर्षांत भुगा होऊन सुटतो. खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. बूट संध्याकाळी, जे पायमोजे रोज घालणार तेच घालून, सतरंजीवर चालून पाहावा. चिठ्ठ्या काढू नयेत, अंगणात जाऊ नये; तळाला माती लागली की परतीचा हक्क गेला.

कायद्याची बाजू नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्याबद्दल गैरसमज खूप आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम जुलै २०२० मध्ये आले. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आली, तर विक्रेता ती परत घ्यायला वा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. ‘मला बसला नाही’ हा दोष मात्र या यादीत नाही. तिथे विक्रेत्याचे स्वतःचे परतीचे धोरण लागू होते. सेंटीमीटरचा आग्रह इथे कामाला येतो. पानावर ‘आतली लांबी २७ सेंटीमीटर’ लिहिले असेल आणि बूट २६ भरला, तर ती वस्तू सांगितल्याप्रमाणे नाही, आणि नकार देता येत नाही. नुसता ‘आठ नंबर’ लिहिला असेल तर भांडायला आधारच उरत नाही. मागवताना मापाच्या तक्त्याचा फोटो काढून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवाडा करायचा असा नियम आहे. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करावा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता बंगळुरूचा असला तरी प्रकरण परभणीत चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही नाही. हजाराच्या बुटासाठी कोण तिथे जाणार, हे खरे. पण एखाद्या विक्रेत्याने अख्ख्या गावाला चुकीचा तक्ता दाखवून माल विकला असेल तर चार जणांनी मिळून जायला हरकत नाही.

माझ्या मते सरकारने करण्यासारखी एक गोष्ट सोपी आहे. पादत्राणांसाठी गुणवत्तेचा आदेश ऑगस्ट २०२४ पासून मोठ्या प्रमाणात लागू झाला, भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आले. त्याच धर्तीवर प्रत्येक ऑनलाइन जोडाखाली पायाची लांबी आणि चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिणे सक्तीचे करावे. जगात अशी पद्धत आहे. मोंडोपॉइंट नावाच्या आंतरराष्ट्रीय मोजणीत पायाची लांबी आणि रुंदी हेच दोन आकडे लिहितात, आणि अनेक देशांच्या सैन्यांत ती चालते. ‘भा’ येईल तेव्हा येवो, हे दोन आकडे छापायला फर्मा बदलावा लागत नाही.

शेवटी मुलांचे, कारण तिथे चूक सर्वांत जास्त होते. पाय सतत वाढतो, आणि घरोघरी दोन नंबर मोठा बूट घेऊन पुढे कापूस कोंबायची रीत आहे. सैल बुटात मूल बोटे आखडून चालते, हेही अपायाचेच. चेन्नईच्या संस्थेच्या पाहणीत मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची पंधरा-सोळाच्या सुमारास टोकाला पोचलेली दिसली, म्हणजे सहावी ते दहावी या वर्गांत माप पुन्हा पुन्हा घेत राहिले पाहिजे. पुण्याच्या अरेट्टो कंपनीने पायाबरोबर काही नंबर वाढणारे लहान मुलांचे बूट काढले आहेत. कल्पना चांगली आहे, किंमत मात्र आपल्याकडच्या बहुतेक घरांना परवडणारी नाही.

जिल्हा परिषद शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे मोफत देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला, विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरून. अनवाणी येणाऱ्या पोरासाठी हे मोठे पाऊल आहे. इतक्या रकमेत माप चुकले तर दुसरा जोड मिळणार नाही, म्हणून शाळा व्यवस्थापन समित्यांनी मागणी नोंदवताना नुसता नंबर लिहू नये. प्रत्येक मुलाच्या दोन्ही पायांची लांबी आणि चवड्याची रुंदी सेंटीमीटरमध्ये, तारखेसह, वर्गाच्या वहीत घ्यावी. माप आणि वाटप यांत तीन-चार महिने जाणार असतील तर तेवढी वाढ धरावी. पुरवठादाराकडून प्रत्येक नंबरची आतली लांबी-रुंदी लेखी मागावी, आणि मागणी नक्की करण्याआधी एकेका नंबरचा नमुना आणून दोन-चार मुलांच्या पायात घालून पाहावा. वाटपाच्या दिवशी न बसणाऱ्या जोडांची अदलाबदल आधी वर्गात, मग केंद्रातल्या शेजारच्या शाळांमध्ये करता येईल, अशी तारीख केंद्रप्रमुखांनी आधीच ठरवून द्यावी.